अकरानंतरची हवा

"हे यंत्र आज उतरवायचं," डॉक्टर अमोआको म्हणाले.

कोर्कोरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दोघं शाळेच्या सपाट छपरावर उभे होते. सकाळचे साडेदहा वाजत आले होते. गेले आठ महिने ती दर सोमवारी इथे चढत होती. हवेतले बारीक कण मोजणारी पेटी पुसायची, आतली जाळी बदलायची, आकडे उतरवून घ्यायची. तिचे साहेब असलेले डॉक्टर हवा-मोजणीच्या कचेरीतून आज पहिल्यांदाच आले होते.

"काय बिघडलंय त्याचं?"

"आकडा बघ की. उपग्रहाच्या चित्रांवरून आमचा संगणक इथे सरासरी एकतीस सांगतो. तुझी पेटी सांगते एकशे अठरा. घानाभरातली बावीस केंद्रं जुळतात, हे एकच जुळत नाही. या एकापायी अख्ख्या अहवालाचा मेळ बिघडतो."

"मी शेजारी दुसरी पेटी लावून बघितली, डॉक्टर. महिनाभर. तीही तेच सांगते. तुम्हाला कळवलं होतं."

"मग जागाच चुकली असेल." त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "हवा तर किती छान आहे!"

हवा छानच होती. शाळा आणि समुद्र यांच्यामध्ये जुन्या तारा जाळून तांबं काढणाऱ्यांच्या वखारी होत्या. त्यांचा काळा धूर या वेळी सरळ पाण्यावर चालला होता. कोर्कोरने तिकडे बोट दाखवलं.

"अकराला वारा फिरतो. मग ते सगळं इकडे येतं, संध्याकाळपर्यंत. तुमचा उपग्रह किती वाजता जातो वरून?"

"साडेदहाला. पण वाऱ्याचं गणित संगणकात असतं."

"या वखारी आहेत का त्यात?"

"त्यांची सरकारदरबारी नोंद नाही. नोंदच नाही, ते गणितात घेणार कसं?"

"आणि तुमचा नकाशा एकेका चौकोनाला एकच आकडा देतो. इथल्या चौकोनात अर्धा समुद्र येतो. पाण्यावरची हवा इथल्या पोरांच्या नावावर मांडताय तुम्ही!"

"आवाज खाली. नोकरी टिकवायची आहे ना?" डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात आधीच छापलेलं होतं : यंत्र नादुरुस्त. "सही कर. आणि खालून पाना घेऊन ये."

कोर्कोरने कागद घेतला नाही. ती वळली आणि शिडीवरून उतरली.

खाली मुख्याध्यापिका शोर्मे मॅडम उभ्या होत्या. "काय गं पोरी? चेहरा असा का?"

कोर्कोरने एका दमात सगळं सांगितलं.

"नादुरुस्त?" मॅडम म्हणाल्या. "माझ्या कपाटात चौदा पोरांचे दम्याचे पंप आहेत, नावाच्या चिठ्ठ्या लावून. म्हणावं, ती पोरंही नादुरुस्त लिहून टाका."

त्यांनी कमरेचं छापील कापड घट्ट खोचलं आणि शिडीला हात घातला. शिडी लाकडी होती, चांगलीच जड.

"मॅडम, माझी नोकरी जाईल."

"मग तू हात लावू नकोस. लांब उभी राहा. कुणी विचारलं तर सांग, म्हातारीला वेड लागलं."

कोर्कोर क्षणभर उभी राहिली. मग तिने शिडीचं दुसरं टोक उचललं. दोघींनी ती भिंतीच्या कडेला आडवी टाकली.

छपराच्या काठावर डॉक्टरांचं डोकं आलं. "अहो! हे काय चाललंय? शिडी लावा!"

"लावणार ना," मॅडम म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर हवा खा जरा."

"दोघींना घरी बसवीन मी!"

"बसवा की. आधी खाली तर या."

डॉक्टर खिशातून फोन काढून कुणाला तरी लावू लागले. कोर्कोर भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. आपण काय करून बसलो, हे तिला कळत होतं. पण शिडीकडे जावंसं मात्र वाटेना.

अकरा वाजले. चौथीच्या वर्गात बाई मोठ्याने धडा वाचत होत्या. त्यांचा आवाज थांबला. खिडकीशेजारची मुलगी कुणी न सांगता उठली, तिने खिडकीची दारं ओढली आणि कडी घातली. मग पाचवीच्या वर्गात. मग तिसरीच्या. बघता बघता वखारींच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या धडाधड लागल्या.

"अहो, एवढ्या उकाड्यात खिडक्या कशाला लावताय?" डॉक्टरांनी वरून विचारलं.