मामाजींची बिडी

चंदाने शिट्टी तोंडाला लावली आणि तशीच खाली घेतली. कडुनिंबाखालच्या बाकावर बिडी ओढत बसलेला माणूस तिचा सासरा होता.

पदर सावरायला तिचा हात डोक्याकडे गेला. तिथे खाकी टोपी होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. सासरे उत्तमराव पहाटेच हारफुलांची टोपली घेऊन निघत, ते दिवस मावळल्यावर परतत. घरात ती त्यांच्यापुढे उभीसुद्धा राहत नसे. काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून सांगे. ते बिडी ओढतात हे तिला आजच कळत होतं.

धूम्रपानाची बंदी आता राजापेठेजवळच्या या उघड्या बागेतही आली होती. ओढणाऱ्याला बाहेर काढायचं, हे चंदाचं काम. पण तिचं ऐकत कोण होतं? मुकादमाने कालच बजावलं होतं, "उद्या धूर दिसला तं दुसरी बाई ठेवतो." रात्री भाकरी थापता थापता हे आणि ओढणाऱ्यांचे टोमणे सासूला सांगताना तिला रडू फुटलं होतं; उत्तमराव तेव्हा बाहेर ओसरीवर टोपली आवरत होते.

पलीकडच्या ओट्यावर देवमन मिस्त्रीची मंडळी बिड्या फुंकत होती. देवमन रोजच्यासारखाच ओरडला, "बाई, पहिले आपल्या घरच्यायले सांग, मंग आमाले शिकव!"

सगळे खिदळले. तेवढ्यात फाटकातून मुकादम आत आला.

चंदा बाकासमोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, बिडी इझवा. अन् बागेच्या बाहेर चाला."

सासऱ्याशी ती आज पहिल्यांदा बोलली.

हसणं थांबलं. उत्तमरावांना जोराचा ठसका लागला. त्यांनी बिडी चपलेखाली चिरडली, थोटूक उचलून मुठीत घेतलं आणि खाली मान घालून ते फाटकाबाहेर गेले.

"अरे बाप्पा! हे तं सासऱ्यालेई सोडत नाई," देवमन पुटपुटला आणि त्याने आपली बिडी ओट्यावर घासली. मग बाकीच्यांनीही विझवल्या. मुकादमाने सगळीकडे नजर फिरवली, चंदाकडे पाहून मान हलवली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी घरी येताच ती थेट चुलीपाशी गेली. सासू शकुनबाई कणीक मळत होत्या.

"आत्याबाई, चुकलं माहं. मामाजी बागेत बिडी ओढून राहिले होते. चार लोकांत मी त्यायले बाहेर काढलं."

शकुनबाईंचे हात थांबले.

"बिडी? त्यायनं तं जलमात बिडी ओढली नाई. पण आज निघतानी मले इचारून राहिले होते, बिडी कोन्या टोकाकून पेटवतेत म्हनून."