धाकटीची वेणी

वसाहत मोठी देखणी होती. घरं एकसारखी, हिरवळी एकसारख्या, पण पायी चालणाऱ्याला वाट म्हणून नव्हती. पिठामिठालाही गाडी काढावी लागे, आणि गाडी चालवणारे ताईचे यजमान तर तिला मागे ठेवून वर्षापूर्वीच गेले. तिने कधी चाक हाती धरलं नव्हतं.

हमरस्त्यापलीकडच्या तसल्याच वसाहतीत तिची धाकटी बहीण एकटी राहायची. तिचा हात मोडून प्लास्टरात गेला होता.

"बाकी निभतं गं ताई," ती फोनवर म्हणे, "पण केसांचं पार घरटं झालंय. एखादं पाखरू अंडी घालेल बघ!"

ताई हसायची. मग लहानपणी तिची वेणी घालणारी बोटं दिवसभर वळवळत राहायची. ताईचा मुलगा म्हणायचा, रविवारी नेतो. रविवार यायचे नि जायचे.

एका दुपारी ताई बंद गॅरेजात गेली आणि गाडीत आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाली, "अहो, धाकटीकडे नेता का जरा? वेणी घालून लगेच परत येऊ." एवढं बोलली आणि तिचा डोळा लागला.

फोनने जाग आली.

"पोचलीस का गं ताई?" धाकटी विचारत होती. "वेणी काय घट्ट घातलीस! भुवया वर चढल्यात माझ्या."

ताई म्हणाली, "मी?"

"मग कोण? आणि गाडीतल्या माणसाला आत बोलाव म्हटलं, तर म्हणालीस, राहू दे, ते संकोचतात."

ताईने शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग मायेने म्हणाली, "उद्या सैल घालते हो."

शेजारच्या सीटचा पट्टा खट्कन सुटला, आणि कुणी हळूच सोडावा तसा वर सरकत गेला.