दोनदा दाबलं तर

"एकदा हात दाबला तर सगळं ठीक. दोनदा दाबला तर काढ," ग्रीत म्हणाली. "लगेच काढायचं हं. मला कोंडल्यासारखं झालं की काही सुचत नाही."

"बरं. आता बोलू नकोस," वेर्ले म्हणाली आणि तिने प्लास्टरची पहिली ओली पट्टी बाकावर उताण्या पडलेल्या ग्रीतच्या हनुवटीवर ठेवली.

बेल्जियममधल्या गेंटमध्ये शिल्पकला शिकणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी हे काम चुकत नाही. जोडीदाराच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा काढायचा. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि गुण दोघांना मिळून एकच. चिठ्ठीत ग्रीतचं नाव निघालं तेव्हा वेर्ले तडक बाईंकडे गेली होती. "दुसरं कुणीही द्या, बाई." बाईंनी मानही वर केली नव्हती. "प्लास्टरला तुमची भांडणं कळत नाहीत," एवढंच म्हणाल्या होत्या.

चारला साचा द्यायचा होता. दोन वाजले होते. सकाळपासून वेर्लेचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिने पाण्याची बादली एकदा सांडली, पट्ट्या आधी फार लहान कापल्या, मग फार मोठ्या. ग्रीतच्या कपाळावरून गालांवर, गालांवरून ओठांवर आणि नाकावर ती भराभर पट्ट्या चिकटवत गेली. नाकावरची शेवटची पट्टी नीट पिळलीसुद्धा नाही. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. मग स्टूल ओढून बसली आणि ठरल्याप्रमाणे ग्रीतचा हात हातात घेतला.

पाच महिन्यांत त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या.

वेर्लेचे वडील शर्यतीची कबुतरं पाळायचे. त्यांच्यासाठी तिने वहीत एक कबुतरखाना काढला होता, शंखासारखा वळत वळत वर जाणारा. ऑक्टोबरात वही टेबलावर उघडी राहिली. नोव्हेंबरात ग्रीतने तसाच कबुतरखाना प्लायवूडमध्ये करून दिला. वीसपैकी अठरा. तो आता दाराजवळच्या काचेच्या कपाटात होता आणि त्याच्या जोरावर ग्रीत उन्हाळ्यात कोपनहेगनच्या कार्यशाळेला जाणार होती. वेर्लेने ऐन वेळी काहीतरी जोडून दिलं आणि दहावर निभावलं. ग्रीतला तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. फक्त बोलणं टाकलं होतं.

आता ग्रीत कुठे जाऊ शकत नव्हती. गोड बोलून विषयही बदलू शकत नव्हती.

"कबुतरखाना माझा होता," वेर्ले म्हणाली. "माझ्या वहीतून घेतलास ना? एवढंच सांग. हो की नाही?"

पांढऱ्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ग्रीतने हात दाबला. एकदा. पुन्हा एकदा.

"नाही? नाही म्हणतेस?"

पुन्हा दोनदा, जोरात.

"कमाल आहे! तोंड बंद आहे तरी खोटं बोलतेसच!" वेर्लेने तो हात घट्ट आवळून धरला. "पाच महिने वाट बघतेय मी, की कधीतरी येशील, बोलशील..."

ग्रीतचा दुसरा हात वर आला आणि साच्याची कड ओरबाडू लागला.

तेव्हा वेर्लेला नाक दिसलं. ओली पट्टी घसरून खाली आली होती. दोन्ही नाकपुड्या बुजल्या होत्या.

तिने दोन्ही हातांनी साचा ओढला. अर्धवट सुकलेलं प्लास्टर तुकड्यातुकड्याने निघालं, भुवईचे केस घेऊन निघालं. ग्रीत कुशीवर वळली, खोकली, हवेसाठी तिने मोठ्ठा आ वासला. वेर्ले तिची पाठ चोळत राहिली. तिला रडू फुटलं होतं.

"माफ कर गं. दोनदा दाबलं तर काढायचं होतं, आणि मला वाटलं... जाऊ दे तो कबुतरखाना. सुचला असेल तुला. सुचतं एकसारखं दोघांना. मी पुन्हा कध्धी विचारणार नाही."

ग्रीत उठून बसली. तिचे गाल लाल झाले होते, पापण्यांना पांढरे कण लागले होते. तिने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"मी नाही म्हणत नव्हते," ती म्हणाली. "श्वास येत नव्हता."

वेर्लेचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"घेतला मी. पानाचा फोटो काढला. तू खाली सूप आणायला गेली होतीस. दोघींसाठी."

हे वाक्य ऐकण्यासाठी वेर्ले पाच महिने झुरली होती. त्यावर काय काय ओरडायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही आठवेना. जमिनीवर प्लास्टरचे तुकडे पडले होते आणि घड्याळात पावणेतीन झाले होते.

ग्रीत बाकावरून उतरली. "मी बाईंना सांगून येते. आत्ताच."

"आधी साचा," वेर्ले म्हणाली.

"हा चेहरा घेऊन?"

"तुझा नको. माझा काढ."

तिने केस बांधले, चेहऱ्याला आणि भुवयांना व्हॅसलीन चोळलं आणि बाकावर उताणी झाली. ग्रीत बादलीपाशी उभीच राहिली. तिच्या हातातल्या पट्टीतून पाणी ठिबकत होतं.

"वेर्ले, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," वेर्ले म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "लाव."