घोडीचा दिवा

तबेलेवाला घोड्यांच्या चंदीच्या पोत्यांमागे दबा धरून बसला होता. या वयात हे शोभत नाही हे त्यालाही कळत होतं, गुडघे तर मघापासून कुरकुर करत होते. पण आज चोराला रंगेहाथ पकडल्याशिवाय उठायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

समोर लाल घोडी उभी होती आणि तिच्या डोक्यावर छताला मोठा विजेचा दिवा जळत होता. गाभण राहून अकरा महिने उलटले तरी घोडी व्यायचं नाव घेत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळ्यात दिवस लहान असले की घोड्या लांबवतात. अंधार पडला तरी दिवा चालू ठेवा, जरा लवकर होईल. तबेलेवाल्याने दिवा लावला आणि संध्याकाळी कोणीतरी तो गुपचूप बंद करू लागलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आधी त्याला संशय आला तो, ज्याचा घोडा लावला होता त्या घोडेवाल्याचा. प्रत्येक घोड्याच्या वाणाचे दिवस थोडे वेगळे, असं डॉक्टर सहज बोलून गेले, तेवढं पुरलं. एक घोडा दाखवला आणि दुसराच लावला, लबाड! मग कळलं की हडकलेली घोडी जास्त दिवस घेते. त्या दिवसापासून तो घोडीची चंदी, तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दारासमोर, स्वतःच्या हाताने मोजून घालू लागला.

मोतद्दार बिचारा एवढंच म्हणाला, "मालक, नर आहे. नर असला की दिवस वर जातात."

"तुला बरं माहीत!"

झालं. नर होणार म्हणून याने गल्लीभर सांगितलंय, आता आपलं खरं करायला दिवा हाच मालवतोय. दिवा मालवून मादीचा नर होत नाही, एवढी साधी गोष्ट तबेलेवाल्याच्या डोक्यात शिरली नाही.

घाई त्याला घोडीसाठी नव्हती. लेक माहेरी आली होती ती घोडीचं बाळंतपण करायला म्हणून, आणि ते झालं की परत जाणार होती. तिकडून जावयाचे फोनवर फोन येत होते. आणखी लांबलं तर बोल तिलाच लागला असता.

दार हळूच किलकिलं झालं. एक हात आत आला, भिंतीवर चाचपडला आणि दिवा गेला.

"सापडलास!" तबेलेवाल्याने अंधारात झेप घेऊन मनगट धरलं.

"बाबा, मी आहे."

त्याने दिवा लावला. लेक खाली मान घालून उभी होती.

"तू? अगं, उजेड असला की लवकर होतं म्हणून तर..."

"म्हणूनच."

त्याला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं, तसं त्याने तिचं मनगट सोडलं.

"मारतात का गं तुला?"

"नाही. भलतं काही मनात आणू नका." ती घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. "कपाट उघडलं की कोणीतरी मागे येऊन उभं राहतं. फोन वाजला की सगळे गप्प होतात. न्हाणीघरात वेळ लागला तरी दाराबाहेर पाय दिसतात. मी काय केलंय ते कोणी सांगत नाही, बाबा. नुसती पाळत ठेवतात."

तबेलेवाल्याच्या कपड्यांना पोत्याचा भुसा चिकटला होता. तो झटकायचीही त्याला लाज वाटली. उद्या मोतद्दाराला तोंड कसं दाखवायचं, हेही मनात येऊन गेलं.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही खोदून खोदून विचारलं असतंत."

तेवढ्यात घोडी गुडघ्यांवर बसली आणि आडवी झाली. खालचं गवत ओलं झालं. दिव्याचं काही असो, तिची वेळ भरली होती. लेक बाह्या सरसावून तिच्याजवळ बसली. तिचे हात ठाम होते.

खिडकीत ठेवलेला तिचा फोन वाजू लागला. तिने वर पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. तबेलेवाल्याने फोन उचलला.

"तुम्ही? ती कुठे आहे?" जावयाने विचारलं. "आणि एवढे दिवस लागतात का कुठे घोडीला? व्याली की नाही?"

दोन ओले खूर बाहेर आले होते. लेक ते धरून बापाकडे बघत होती.

"छे हो जावईबापू, अजून कुठे काय," तबेलेवाला म्हणाला. "आणि एक सांगू का, तुम्ही वाट बघू नका."