टाकीवरचे शिंपीकाका

"...आणि मी पाण्याच्या टाकीच्या टोकावर, अंगात नुसता सदरा!" शिंपीकाकांनी हात पसरले. दारू सोडलेल्यांची ती बैठक खो-खो हसली. गोष्टीत अग्निशामक दलाची शिडी यायच्या आतच, आज पहिल्यांदा आलेल्या बाई पर्स उचलून उभ्या राहिल्या.

"मी चुकून आले हो. हे ड्रायव्हरकाका बस तळ्यात घालून आलेत, तुम्ही टाकीवर! माझं तसलं काहीच नाही. रोज वेळेवर कामावर जाते मी."

ड्रायव्हरकाका बैठकीतले सगळ्यात जुने. ते मिशीतल्या मिशीत हसले. त्यांच्या बसपुढे आपलं रडगाणं अगदीच मिळमिळीत वाटायचं, म्हणून तर शिंपीकाकांनी वर्षापूर्वी ती टाकी उभी केली होती. दर आठवड्याला ती थोडी उंच व्हायची.

पण मघाशी बाईंनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो बशीवर खडखडत होता. शिंपीकाकांनी ते पाहिलं होतं. ही बाई आज गेली की परत येणार नाही. खरं बोलावं तर वर्षभर कमावलेला भाव मातीत.

बाईंनी दाराची कडी काढली.

"थांबा हो! मी कुठल्या टाकीवर चढतोय? मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं."

हशा जागीच विरला.

"मशीनच्या तेलाच्या डबीत दारू ठेवायचो. दोन घोट पोटात गेल्याशिवाय सुईत दोरा जायचा नाही. कधी पडलो नाही, गिऱ्हाइकाची शिवण कधी वाकडी गेली नाही. फक्त पोरीचा फ्रॉक तीन वर्षं एकाच मापाने शिवला. पोर वाढली, मला दिसलीच नाही."

बाई परत येऊन बसल्या. पर्समधून खोकल्याच्या औषधाची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "यातलं औषध केव्हाच संपलंय," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. शिंपीकाकांनी खिशातला स्वच्छ रुमाल पुढे केला.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकाकांकडे वळल्या.

"काका, तुमची बस तरी तळ्यात गेली होती ना?"

काकांनी घसा खाकरला. मिशी पुसली. छताकडे बघितलं.

"मला कुठे चालवता येते रे बस? मी कंडक्टर होतो."