हरेश्वरशिवाय एक दिवस

"उद्या तुम्ही यायचं नाही, हरेश्वर," मनमोहनसाहेब म्हणाले.

हरेश्वरने कानावरचा हेडफोन काढला. "माझं काय चुकलं, साहेब?"

"काही नाही. उद्या तुम्ही आजारी आहात असं धरायचं. तुमच्याशिवाय फोन चालतात का ते बघायचंय." मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि कुणीही यांना घरी फोन करायचा नाही. तीच तर परीक्षा."

परळची ही कंपनी इस्पितळांना औषधं पुरवायची. मागच्या पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं, टेलिफोनचा बोर्ड बुडाला आणि कितीतरी वेळ एकाही इस्पितळाचा फोन लागेना. माणसं पाण्यातून चिठ्ठ्या घेऊन आली. तेव्हापासून साहेबांनी तयारी चालवली होती. बोर्ड माळ्यावर नेला. वीज गेली तर म्हणून बॅटरी आणली. दादरच्या शाखेत दुसरा बोर्ड बसवला. इथला बंद पडला की फोन तिकडे वळणार. राहिला होता तो बोर्डावरचा माणूस.

हरेश्वर मूळचा गिरणीतला. संप झाला, गिरणी गेली आणि तो बोर्डावर आला. साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय. फोनवरही ओरडायचा. "काका, मध्ये वायर आहे, पोचतो आवाज," बिलं करणारी मृणालिनी म्हणायची.

गणपतीच्या आधी त्याची बायको वासंती गेली. माणूस गेलं की लोक घरी बसायला येतात. फारसं बोलत नाहीत, नुसते बसतात. पण हरेश्वर दिवसकार्य गावी उरकून परत आला तो थेट बोर्डावर. रविवारीसुद्धा यायचा. ऑफिसातली माणसं करी रोडला त्याच्या चाळीत जाऊन आली, पण दाराला कुलूप होतं.

परीक्षेच्या दिवशी त्याने सकाळी केर काढला. थोड्या वेळाने परत काढला. एवढीशी खोली, पण त्याला मोठी वाटली. तो उंबऱ्यावर, खोलीकडे पाठ करून बसला. मनात एकच होतं. फोन माझ्याशिवाय चालले, तर मी रोज कुठे जाऊ?

तेवढ्यात कंपनीने घरी बसवून दिलेला फोन वाजला.

"काका, मी मृणालिनी. आज बोर्डावर मी आहे. साहेबांना सांगू नका हं. नाशिकचा फोन कुणाला द्यायचा?"

"खरेदीवाल्यांना. एवढंही ठाऊक नाही?"

"बरं." पण ती फोन ठेवेना.

"अजून काय?"

"काही नाही. काय करताय?"

"बसलोय."

"मीपण बसलेय," ती म्हणाली. मग कुणीच काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने तिने फोन ठेवला.

पुढचा फोन गोदामातल्या कोंडीरामचा. "काका, या बाईने पार वाट लावली! बोर्डावर तांबडा दिवा लागलाय म्हणते."

"तांबडा म्हणजे लाइन चालू आहे रे, गाढवा!"

"अस्सं होय," कोंडीराम म्हणाला आणि मेव्हण्याच्या लग्नात जेवण कसं कमी पडलं ते सांगत बसला. हरेश्वरला नको म्हणता म्हणता हसू आलं. फोन ठेवल्यावर त्याने स्टोव्ह पेटवला आणि भात टाकला.

भात होतोय तोच मृणालिनी परत. "काका, कोल्ड रूमला कसं जोडायचं?"

साप चावल्यावरची लस कोल्ड रूममध्ये असते. कुठल्या इस्पितळाने ती मागितली आणि फोन जोडता आला नाही तर? हरेश्वरने नंबर सांगितला, पण जीव राहीना. पायात चपला घातल्या, मग परत काढल्या. जायची तर बंदी. शेवटी त्याने नाक चिमटीत धरलं आणि ऑफिसला फोन लावला.

"नमस्कार," मृणालिनी म्हणाली.

"इस्पितळातून बोलतोय. कोल्ड रूम द्या."

बोलणं संपायच्या आत तिकडून आवाज आला. "कोल्ड रूम."

त्याने फोन ठेवला. परत लावला, हिशेबखातं मागितलं. लगेच जोडलं. दादरची शाखा मागितली. तीही जोडली. मागे दुसरे फोन वाजत होते आणि मृणालिनी एकेकाला न अडखळता मार्गी लावत होती. तांबडा दिवा, नाशिक, कोल्ड रूम, तिला सगळं येत होतं. पहिल्यापासून येत असणार.

हरेश्वर फोनजवळ उभाच राहिला. भाताखालचा स्टोव्ह त्याने बंद केला. जेवायची इच्छा गेली होती.

फोन परत वाजला. या वेळी स्वतः मनमोहनसाहेब होते.

"हरेश्वर, मोठी अडचण झालीय. कोल्ड रूमला फोन कसा जोडायचा, इथे कुणालाच ठाऊक नाही."

त्यांच्या मागे मृणालिनी दबक्या आवाजात कोंडीरामला गप्प बस म्हणत होती.

"साहेब, घरी फोन करायचा नाही असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"म्हणालो होतो," साहेब म्हणाले. "पण आम्ही सगळे इथे फोनभोवतीच बसलोय. तुम्ही सांगा सावकाश."

हरेश्वरने स्टूल ओढलं. पंच्याने डोळे पुसले.

"सांगतो साहेब," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच तो ओरडला नाही.

नंबर दोन आकडी होता. तो सांगायला त्याने बराच वेळ घेतला.