मरियेच्या गालावरचे वण
"जिवंत माणूस समोर बसवून मरिया रंगवू नकोस, माणूस बदलतं," असं फादरांनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये आम्हा सात ख्रिस्ती घरांचं एकच छोटं चॅपेल. त्याच्या भिंतीवर मी निष्कलंक मरिया रंगवली आणि तिला आमच्याकडे दूध घालणाऱ्या जनीचा चेहरा दिला. पुढच्याच उन्हाळ्यात जनीच्या पोराला देवी आल्या. मी माझ्या तान्हीला घेऊन दार लावून बसले. जनी पोराला मांडीवर घेऊन बसली. पोर वाचलं, पण जनीचा चेहरा वणांनी भरला. बरी झाल्यावर तिनं चॅपेलमध्ये येऊन चित्र न्याहाळलं. "ही मी नाय, बाई. हिला अजून कायच झालं नाय." मी तिला तिथेच बसवलं आणि एकेक वण मरियेच्या गालावर उतरवला. रविवारी फादर मिस्सेच्या उपासनेला आले आणि चित्रासमोर थबकले. "मरियेला हे डाग कुठून आले?" दारातून जनीच म्हणाली, "पोराला मांडीवर घेऊन बसली ना, बाबा! मंग तिला लागनारच." फादरांनी गुडघे टेकले. माझ्या हातून उतरलेला तो सर्वांत सुंदर चेहरा, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. आता आमची बदली झाली आहे. निघताना जनीला देवींमुळे उजव्या डोळ्यानं अंधुक दिसत होतं. भिवपुरीला उतरलात, तर तिला नीट दिसतंय ना, एवढं बघून मला कळवा.